पॅच बाजूला राहतो आणि भांडण पुढे जातं, तेव्हा

मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पात साहेब नसतो. पगार नाही, बढती नाही, रजेचा अर्ज नाही. "हे असंच कर" असं कुणाला बजावता येत नाही, आणि "मी का करू?" हे मात्र कुणीही विचारू शकतो. पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल, म्हणजे पॅच, सामावून घ्या अशी विनंती) आणि मेलिंग लिस्ट (मेलवरची सामूहिक चर्चा) सांभाळायचं काम अंगावर आलं की सुरुवातीला वाटतं, भांडणं तापट लोकांमुळे होतात; चार तापट डोकी बाहेर काढली की शांतता. तसं होत नाही. एक गेला की त्याच विषयावर दुसरे दोघे जुंपतात. आमच्या पाहण्यात पेटणारे विषय बहुतेक एकाच जातीचे असतात: शेवटचा शब्द कुणाचा आणि तो कधी यायचा, हे ज्यात ठरलेलं नसतं ते. निर्णय कोण घेणार हेच माहीत नसलं की माणूस आवाज चढवतो, कारण तेवढंच त्याच्या हातात उरतं.

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. १९९३ पासून चालत आलेला हा प्रकल्प. १९९८ पासून त्याला लेखी घटना आहे, मतदानाचे नियम आहेत, तांत्रिक समिती आहे. तरी २०१३-१४ सालचा काळ तिथे फार वाईट गेला. मशीन सुरू झाल्यावर सर्वांत आधी चालणारा आणि पुढच्या सगळ्या सेवा उभ्या करणारा प्रोग्रॅम कोणता ठेवायचा, जुना सिसव्ही-इनिट, अपस्टार्ट की सिस्टमडी, हा प्रश्न होता. समितीत मतं चार-चार अशी फुटली आणि ११ फेब्रुवारी २०१४ रोजी अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आला. इथे वाद मिटायला हवा होता. मिटला नाही, कारण निर्णय 'डिफॉल्ट (आपोआप मिळणारा) कोणता' एवढ्यापुरताच होता. एखादं पॅकेज सिस्टमडीशिवाय चालतच नसेल तर ते चालवून घ्यायचं का, हा उपप्रश्न मोकळा राहिला आणि उरलेलं वर्षभर धुमसत राहिला. नोव्हेंबरात सगळ्या डेव्हलपरांचं मतदान झालं. जिंकलेला पर्याय म्हणत होता की अशा ठरावाची गरजच नाही. त्याच महिन्यात समितीतले काही जण पायउतार झाले आणि डेव्हुआन नावाचा फाटा, म्हणजे वेगळा प्रकल्प, फुटला. २०१९ च्या डिसेंबरात याच विषयावर पुन्हा मतदान घ्यावं लागलं. निर्णय न होण्यापेक्षा अर्धवट होणं जास्त महागात पडतं, असं आमचं मत या प्रकरणानंतर पक्कं झालं.

म्हणून प्रस्तावाच्या डोक्यावर चार गोष्टी आम्ही सक्तीने लिहायला लावतो. अडचण काय आहे, तीही उपाय न सांगता. निर्णय कोण घेणार, नावानिशी. कोणत्या तारखेपर्यंत. आणि या प्रस्तावात काय येत नाही. चौथी ओळ लिहायचा सगळ्यांना कंटाळा असतो, पण डेबियनचं वर्ष जळलं ते तिच्याच अभावी. "डेटाबेस बदलायचा" असा प्रस्ताव असेल तर जुन्या डेटाबेसचा आधार किती आवृत्त्यांपर्यंत राहणार, हे या प्रस्तावात ठरणार आहे की नंतर, हे तिथेच लिहा. नंतर असेल तर नंतर म्हणजे कधी, तेही लिहा.

मुदतीसाठी अपाचे या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेची रीत उसनी घ्यायला हरकत नाही. तिथे साधारण ७२ तास वाट पाहतात. तेवढ्यात कुणी हरकत घेतली नाही तर संमती धरली जाते. कोडमधल्या बदलावर -१, म्हणजे विरोधी मत, देता येतो आणि तो नकाराधिकार असतो, पण त्यासोबत तांत्रिक कारण द्यावं लागतं. कारण नसलेला -१ धरत नाहीत. ७२ हा आकडा उगाच आलेला नाही. पुण्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा कॅलिफोर्नियात ऋतूप्रमाणे पहाटेचे साडेपाच किंवा साडेसहा. चोवीस तासांची मुदत दिली तर एका बाजूच्या माणसाला फार तर एकदा उत्तर देता येतं, आणि "मी झोपलो असताना उरकून घेतलंत" ही तक्रार मग महिनोन्महिने पुरते. शुक्रवारी संध्याकाळी मुदत सुरू करू नये; शनिवार-रविवार धरून ती नावापुरतीच ७२ तास उरते. दिवाळीचा आणि नाताळचा आठवडा आम्ही सरळ सोडून देतो.

सहमती म्हणजे सगळ्यांचं समाधान, हा आणखी एक गैरसमज. इंटरनेटची प्रमाणकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २०१४ साली आरएफसी ७२८२ या दस्तऐवजात हे नीट मांडलं आहे: प्रत्येक हरकतीला उत्तर मिळालं पाहिजे, प्रत्येक हरकत मान्य झालीच पाहिजे असं नाही. वर केलेले हात मोजून, कुणाच्या बाजूने किती +१ पडले ते पाहून, हे होत नाही. पन्नास जणांना आवडलेल्या प्रस्तावात एकाने खरा तांत्रिक खड्डा दाखवला तर तो एकटा पुरेसा असतो. व्यवहारात आम्ही थ्रेडच्या (एका विषयावरच्या संदेशांच्या साखळीच्या) पहिल्या पोस्टमध्येच हरकतींची यादी ठेवतो: हरकत काय, कुणी मांडली, उत्तर काय दिलं, मिटली की उभी आहे. दर दोन दिवसांनी ती अद्ययावत करायची. याचा खरा उपयोग असा की जुनीच हरकत चढ्या आवाजात पुन्हा आली, तर तिला उत्तर द्यायचं नसतं. "यादीत तिसऱ्या क्रमांकावर आहे, काही नवं असेल तर सांगा" एवढं पुरतं. माणूस तेच तेच का बोलतो? ऐकलं गेलंय याची खात्री नसते म्हणून. यादीत स्वतःचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत दिसलं की निम्मे लोक थांबतात. मात्र शब्द त्याचेच ठेवायचे. आपण सारांश केला आणि त्यात त्याची धार बोथट केली, तर नवं भांडण लागतं.

शेवटचा शब्द एकाच माणसाचा असला तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत तिचे जनक गुइडो व्हॅन रोसम यांचा शब्द अखेरचा मानला जाई. पेप ५७२ या बदलाच्या प्रस्तावातल्या := या चिन्हावरून झालेल्या वादानंतर त्यांनी प्रस्ताव मंजूर केला आणि १२ जुलै २०१८ रोजी त्या भूमिकेतून बाजूला झाले. चिन्ह २०१९ च्या ऑक्टोबरात पायथन ३.८ मध्ये आलं. कारभार तोवर पाच जणांच्या निवडून आलेल्या मंडळाकडे गेला होता. एकट्या माणसावर सगळा मारा होत असेल तर तो किती काळ सोसेल, हा हिशेब प्रकल्पाने आधीच करायला हवा.

आता लिहिण्याकडे येऊ. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासताना, "असं का केलंत?" हा प्रश्न वाचणाऱ्याला आरोप वाटतो, विचारणाऱ्याला खरोखरच कारण हवं असलं तरी. "यादी रिकामी असेल तर ही ओळ काय करेल?" याला उत्तर मिळतं. फरक सौजन्याचा नाही. दुसऱ्या प्रश्नात तपासता येण्यासारखं काहीतरी आहे. आपण मराठी माणसं इंग्रजीत लिहिताना दोन्ही टोकं गाठतो. काही जण प्रत्येक ओळीत सर आणि काइंडली घालतात, आणि समोरच्याला मुद्दा कुठे आहे तेच कळत नाही. काही जण युरोपीय रिव्ह्यूअरची दोन शब्दांची टिप्पणी वाचून अपमान झाला असं धरून चालतात. जर्मनीतल्या किंवा नेदरलँड्समधल्या माणसाचं "हे चूक आहे" बहुतेक वेळा तेवढंच असतं. आम्ही नव्या लोकांना सांगतो की पहिली टिप्पणी कोरडी वाटली तर ती फक्त कोडबद्दल आहे असं धरून उत्तर द्या. दुसऱ्या टिप्पणीपर्यंत खरं काय ते कळतंच.

प्रत्येक टिप्पणीपुढे ती अडवणारी आहे की नाही हे लिहायची सवय लावून घ्यावी. "हे बदलल्याशिवाय मर्ज (मुख्य कोडमध्ये सामील) नाही" आणि "मला असं आवडलं असतं, तुम्ही ठरवा" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण पानावर दोन्ही सारखीच दिसतात. नवखा माणूस बावीस टिप्पण्या पाहून हबकतो. त्यातल्या अठरा ऐच्छिक होत्या हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि मोकळ्या जागा, ओळीची लांबी, कंस कुठे उघडायचा, यावर माणसाने बोलूच नये. मांडणी आपोआप नीट करणारी साधनं आहेत: पायथनला ब्लॅक, सी आणि सी++ ला क्लँग-फॉरमॅट, गो भाषेला तिचं स्वतःचं गोफम्ट आहे. कमिटच्या (बदल नोंदवायच्या) वेळी ते आपोआप चालू द्या. यंत्राचा कुणाला राग येत नाही, आला तरी यंत्राला त्याचं काही वाटत नाही.

क्षुल्लक गोष्टींवर लांबलचक चर्चा होते याचा प्रसिद्ध दाखला फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पातला आहे. १९९९ साली ठरावीक सेकंद थांबणाऱ्या स्लीप या कमांडला अपूर्णांकातले सेकंद द्यावेत का, यावर एवढा काथ्याकूट झाला की पॉल-हेनिंग काम्प यांनी सायकलच्या शेडचा रंग कुठला असावा या जुन्या दृष्टांताची आठवण करून देणारी मेल लिहिली. तेव्हापासून अशा वादांना बाइकशेड म्हणतात. आमचा नियम सोपा आहे: नाव, रंग, चिन्ह, शब्द यांवर दोन दिवस बोला, नंतर जो काम करतो आहे तो निवडेल. मराठी भाषांतरांतही हाच नियम लागू पडतो. मेनूमध्ये फाइल की फाईल यावर महिना जातो आणि बाकीच्या नऊशे ओळी तशाच इंग्रजीत राहतात.

राग आला असताना उत्तर देऊ नये हे सगळ्यांना माहीत असतं. आरएफसी १८५५ मध्ये, म्हणजे १९९५ सालीच, भावनेच्या भरातलं उत्तर पाठवण्याआधी रात्र जाऊ द्या असं लिहून ठेवलं आहे. माहीत असूनही हे जमत नाही, कारण उत्तराची चौकट समोर उघडी असते आणि बटण तिच्याच खाली असतं. तेव्हा चौकटीत लिहूच नका. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहा, किंवा मेल असेल तर पत्त्याची जागा रिकामी करून लिहा. सकाळी पहिला परिच्छेद काढून टाका. राग जवळजवळ नेहमी तिथेच बसलेला असतो आणि मुद्दा दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतो. "पाठवून टाकू, नंतर सुधारू" हा विचार गिटहबवर (कोड ठेवायच्या आणि त्यावर बोलायच्या संकेतस्थळावर) विशेष घातक आहे: टिप्पणीची पहिली आवृत्ती त्याच क्षणी सगळ्या सदस्यांना मेलने गेलेली असते, आणि संपादन केलं तरी जुना मजकूर इतिहासात दिसतो.

थ्रेड तापतो आहे हे ओळखायला शिव्यांची वाट पाहू नये. शेवटच्या दहा संदेशांत दोनच नावं आलटून पालटून दिसणं, उत्तरांमधलं अंतर तासांवरून मिनिटांवर येणं, "नेहमीप्रमाणे" किंवा "मागच्या वेळीही" असे शब्द येणं, आणि मूळ पॅचचा उल्लेखच बंद होणं, ही आमची चिन्हं. दोन दिसली की एक मॉडरेटर दोघांनाही वेगवेगळी खाजगी मेल टाकतो. तीनच ओळी: तुमचा हा मुद्दा मी असा समजलो, तो यादीत घातला आहे, उद्या याच वेळेपर्यंत थ्रेडवर काही लिहू नका अशी विनंती. कोण चुकलं हे त्यात लिहायचं नाही. जाहीर थ्रेडवर "दोघांनीही शांत व्हा" असं लिहिणं सर्वांत सोपं आणि सर्वांत निरुपयोगी. ज्याची चूक कमी असते तो अशा वेळी जास्त चिडतो, आणि ते योग्यच आहे.

त्याने भागलं नाही तर साधनं वापरायची. डिस्कोर्स या चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरवर स्लो मोड आहे: एका माणसाच्या दोन पोस्टमध्ये ठरावीक अंतर सक्तीचं होतं. आम्हाला हे कुलपापेक्षा बरं वाटतं, कारण बोलणं बंद होत नाही, फक्त वेग जातो. गिटहबवर इश्यूला (अडचणीच्या किंवा सूचनेच्या नोंदीला) कुलूप लावता येतं आणि कारण निवडता येतं; त्यात वाद फार तापला हेही एक कारण आहे. पण एक गोम लक्षात ठेवा. कुलूप लागल्यावरही ज्यांना रेपोत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) लिहायचा हक्क आहे ते टिप्पणी करू शकतात. मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) कुलूप लावतो आणि लगेच आपलं शेवटचं म्हणणं लिहितो, बाहेरच्यांना उत्तर देता येत नाही. याहून अन्यायाचं दिसेल असं काही नाही. कुलूप लावल्यानंतर एकच टिप्पणी चालते: कुणी लावलं, का लावलं, कधी उघडणार. तारीख नसलेलं कुलूप लावलं की तोच वाद दुसऱ्या इश्यूत, मग तिसऱ्या इश्यूत उगवतो. कुलूप लावणारा त्या वादातला नसावा. प्रकल्पात एकच मेंटेनर असेल तर शेजारच्या प्रकल्पातल्या कुणाला तरी आधीच विचारून ठेवावं. बाहेरून झुंड येत असेल तर संपूर्ण रेपोवर तात्पुरती मर्यादा घालता येते, २४ तासांपासून ६ महिन्यांपर्यंत. आधी कोड दिलेल्यांनाच बोलता येईल, अशीही. टिप्पण्या खोडू नका, लपवा. खोडलेल्याचे स्क्रीनशॉट फिरतात आणि लपवलेलं ज्याला हवं तो उघडून पाहतो. कुणाचा पत्ता, फोन, खाजगी फोटो आला असेल तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता खोडा.

व्हिडिओ कॉलचा इलाज पुष्कळदा लागू पडतो. भांडणारे दोघे आणि टिपण घेणारा तिसरा, अर्धा तास, त्याहून जास्त नाही. भारतीय वेळ रात्री साडेआठ ठेवली तर युरोपात दुपार-संध्याकाळ आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळ असते. कॉलवर ठरलेलं चोवीस तासांत थ्रेडवर लिहून टाकायचं आणि "हे ठरलं" असं न म्हणता "आम्हा दोघांचं इथवर जमलं, हरकती कळवा" असं लिहायचं. नाहीतर जे कॉलवर नव्हते ते पुढचं भांडण सुरू करतात.

वाद सोशल मीडियावर नेला की तो प्रकल्पाच्या हातात राहत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, रस्ट भाषेतल्या कोडवरून झालेल्या तंट्यात हेच झालं: बाहेरून दबाव आणण्याच्या प्रयत्नावर कर्नलचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी जाहीर नापसंती दाखवली आणि तो प्रयत्न करणारा मेंटेनर कर्नलच्या कामातून बाजूला झाला. त्याच्या तांत्रिक म्हणण्यात तथ्य होतं की नाही, ही चर्चा त्या गदारोळात मागेच पडली. कर्नलचीच आणखी एक साधी सूचना लोक वाचत नाहीत. पॅच पाठवल्यावर आठवण करून देण्याआधी निदान एक आठवडा थांबा, मर्ज विंडोच्या, म्हणजे नवे बदल सामील करायच्या, दोन आठवड्यांत त्याहूनही जास्त, असं त्यांच्या दस्तऐवजात स्पष्ट आहे. तिसऱ्या दिवशी "कुणी पाहतंय का?" विचारणाऱ्याला तुटक उत्तर मिळतं, ते यामुळे.

आपल्याकडून जाणाऱ्या गर्दीबद्दलही बोललं पाहिजे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावायच्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टला टी-शर्ट होता. रीडमी या प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये एखादं विशेषण घालून पाठवलेल्या विनंत्यांनी मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलून, ज्या प्रकल्पांची तयारी आहे तेवढेच धरावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्टमधल्या प्रकल्पाच्या रेपोवर रीडमीत स्वतःचं नाव घालणाऱ्या विनंत्यांची रीघ लागली, कारण एका भारतीय शिकवणीच्या व्हिडिओत तेच रेपो उदाहरणादाखल उघडलं होतं. मुलांचा हेतू वाईट नव्हता, पण त्यानंतर उमटलेला सूर देशावर घसरला. गुगल समर ऑफ कोड या नवख्यांसाठीच्या उपक्रमाच्या आधी "मला हा इश्यू असाइन करा" यांचीही रांग लागते. यावर आम्ही कॉन्ट्रिब्युटिंगच्या (हातभार कसा लावायचा ते सांगणाऱ्या) फाइलमध्ये पहिल्याच परिच्छेदात लिहितो: इश्यू कुणाच्या नावावर केला जात नाही, अर्धवट का होईना, ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट पाठवा, १४ दिवस हालचाल नसेल तर दुसरा कुणी घेऊ शकतो. सराव करायचा असेल त्यांच्यासाठी वेगळं खेळाचं रेपो ठेवलं की मुख्य रेपो वाचतं.

आचारसंहितेची फाइल नुसती टाकून उपयोग नाही. कर्नलने २०१५ ची मोघम संहिता २०१८ च्या सप्टेंबरात बदलली, तीही टॉरवाल्ड्स यांनी स्वतःच्या वागण्याबद्दल माफी मागून काही आठवडे सुट्टी घेतली त्या सुमारास. बऱ्याच प्रकल्पांत वापरली जाणारी कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट ही तयार संहिता दुसऱ्या आवृत्तीत चार पायऱ्या सांगते: दुरुस्ती, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. पहिली पायरी खाजगी आणि लेखी असते. बहुतेक प्रकल्प ती गाळून थेट ताकिदीवर उडी मारतात. तक्रार कुठे करायची ते फाइलमध्ये हवं, निदान दोन माणसं हवीत, आणि ती एकाच कंपनीतली नसावीत. तक्रार मिळाल्याची पोच दोन दिवसांत द्या, निकाल लागायला तीन आठवडे लागले तरी.

कधी कधी तापलेला सूर मुद्दाम लावलेला असतो. एक्सझेड या फाइली आकसणाऱ्या साधनाच्या प्रकरणात, मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतलं चोरदार (आत शिरायची लपवलेली वाट) आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरच्या लक्षात आलं. त्याआधी २०२२ मध्ये थकलेल्या एकट्या मेंटेनरवर "काम फार हळू चाललंय, दुसरा माणूस घ्या" असा तगादा लावणाऱ्या मेल आल्या होत्या, आणि ज्यांची दुसरी काही ओळख सापडत नाही अशा खात्यांवरून. तेव्हा वादाच्या भरात कुणालाही कमिटचे हक्क देऊ नयेत, मग तो कितीही मदतीला तयार असो. तगादा लावणारं खातं उघडून पाहावं: किती जुनं आहे, इतर कुठे काम केलेलं दिसतं का.

एवढं सगळं करूनही कुणीतरी रागाने निघून जातो. त्याच दिवशी त्याचे हक्क काढून घेतले तर ती शिक्षा वाटते. नाही काढले तर वापरात नसलेलं खातं उघडं राहतं. आम्ही ३० दिवस थांबतो, पण प्रकाशनाचे टोकन (नवी आवृत्ती काढायचे गुप्त परवाने) आणि डिजिटल सह्यांच्या किल्ल्या लगेच बदलतो आणि तसं त्याला आधी कळवतो. डोमेन, पॅकेज प्रकाशित करायचा हक्क आणि मेलिंग लिस्टचा पासवर्ड या तीन गोष्टी भांडण नसतानाच दोघांच्या नावावर करून ठेवाव्यात. जाणाऱ्याचं नाव माजी मेंटेनरांच्या यादीत जातं, कामाच्या वर्षांसह. त्याचे उघडे पॅच बंद करत नाही; त्यावर "लेखक सध्या उपलब्ध नाहीत, कुणालाही पुढे नेता येईल" अशी खूण करतो आणि मूळ लेखक म्हणून कमिटमध्ये त्याचंच नाव ठेवतो.